आठवी माळ आणि चव्वेचाळीसचा आकडा

अण्णांच्या सुनेनं घटाचा दिवा फुंकून विझवला, अशी कुजबुज त्या नवरात्रात तुळजापूरच्या एका गल्लीत फिरत होती. निघाली तेव्हा ती नुसती 'दिवा विझला' एवढीच होती. परड्या आणि कवड्यांच्या माळा विकणाऱ्या बायकांच्या ओळीतून पुढं सरकली तेव्हा 'विझला'चं 'विझवला' झालं. चहाच्या टपरीपाशी तिला फुंकर चिकटली. आणि दुपारपर्यंत, फुंकर मारताना सून गालातल्या गालात हसत होती, हेही कुणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं होतं. कारणसुद्धा तयार होतं. पोरीला पुण्याला जायचंय, सासरचा देव आडवा येतो, मग काय करणार बिचारी.

आता ज्यांच्या घरातली ही गोष्ट ते अण्णा कोण, हे आधी सांगायला हवं. त्यांना ओळखल्याशिवाय यातलं काहीच पटणार नाही.

शाळेच्या हजेरीपुस्तकात ते सिद्धेश्वर, बाकी जगाला अण्णा. तेहतीस वर्षं एका हायस्कुलात कारकुनी केली आणि तेहतीस वर्षं घाबरले. मुख्याध्यापकांना घाबरले, तपासणीला घाबरले, शिपायालाही थोडे बिचकूनच असायचे. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे, दहा पावलं गेले की परत येऊन चौथ्यांदा ओढायचे. गॅसचं बटण बंद केलं का, हे त्यांना सोलापूरला लग्नाच्या पंगतीत आठवायचं, आणि मग घास उतरायचा नाही. स्कूटरचा काटा कधी तिसाच्या पुढं गेला नाही. मागून उसाचे ट्रॅक्टरसुद्धा भोंगे वाजवायचे. सगळ्यांत जास्त घाबरायचे ते नीलाताईंना, म्हणजे स्वतःच्या बायकोला. त्यात मात्र नवल नाही. गल्लीतले अर्धे पुरुष नीलाताईंना घाबरायचे, आणि उरलेले अर्धे तसं कबूल करायचे नाहीत.

असल्या माणसानं घरातल्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर, बनवणाऱ्यानं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं पळवायला घेतला. तोही चोरून.

कॉम्प्युटर सुनेचा. अक्षरा दीड वर्षापूर्वी माकणीहून या घरात आली ती एक भलं मोठं खोकं आणि दोन पडदे घेऊन. पुण्याच्या एका आर्किटेक्ट कंपनीचं काम ती घरी बसून करायची. अजून न बांधलेल्या इमारती पडद्यावर उभ्या करायच्या. जिने, गॅलऱ्या, खिडकीतून फरशीवर पडलेलं ऊन, सगळं खोटं आणि सगळं खऱ्यासारखं. मग त्यातून माणूस चालत गेल्यासारखी फिल्म काढायची. ती फिल्म कॉम्प्युटर एकेक चित्र मांडत तयार करतो, आणि त्याला तासन्‌तास लागतात. नवरा उत्कर्ष ढोकीच्या बाजूला साखर कारखान्यात केमिस्ट. गाळप जवळ आलं की तिकडंच मुक्काम. त्यामुळं घरात माणसं तीन. आणि त्या तिघांत ही एकटीच अशी होती की दुपारच्या चहाला अण्णांसमोर बसून विचारायची, "अण्णा, तुम्हाला काय वाटतं?" बासष्ट वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. पहिल्या खेपेला तर ते उत्तर द्यायच्या ऐवजी मागं वळून बघायला लागले, की कुणाला विचारतेय ही.

तर जुलैत एक दिवस अण्णांनी तिचं फोनवरचं बोलणं ऐकलं. ऐकलं म्हणजे काय, दाराआड उभे होते.

"हो मॅडम, मशीन स्लो आहे, मान्य आहे," अक्षरा म्हणत होती. "दसऱ्याच्या आधीचं मोठं काम मी वेळेत देते. नाही जमलं तर दिवाळीनंतर पुण्याला ऑफिसला येते. उत्कर्षही बघेल तिकडं काहीतरी."

त्या दिवशी अण्णांनी कुलूप सहा वेळा ओढलं.

ती गेली की उत्कर्ष जाणार, आणि मग चार वाजताच्या चहाला समोर कोण, तर नीलाताई आणि त्यांचं मौन. नवीन मशीन घेऊ का, असं त्यांनी सुनेला घाबरत विचारून बघितलं, ती म्हणाली, "दिवाळीनंतर बघू हो अण्णा." दिवाळीनंतर बघून काय उपयोग.

आता हे वेग वाढवणं म्हणजे काय, ते अण्णांच्याच पद्धतीनं सांगायचं तर असं. प्रोसेसर हे कॉम्प्युटरचं हिशेबी डोकं. त्याच्या आत एक ठेका चालू असतो आणि त्या ठेक्याला कितीनं गुणायचं याचा एक आकडा असतो. अक्षराच्या मशीनचा आकडा होता चाळीस. तो वाढवला की डोकं जोरात चालतं, जास्त तापतं आणि जास्त वीज मागतं. वीज कमी पडली की अडखळतं. जास्त दिली की हळूहळू जळतं. मधून एक चिंचोळी वाट जाते, तिच्यावरून अंधारात चाचपत जायचं. अण्णांकडं शाळेच्या कॉम्प्युटर खोलीची किल्ली असायची, मशीन उघडून धूळ झाडायला ते तिथंच शिकले. बाकीचं सगळं रिटायर झाल्यावर, कानात इयरफोन घालून व्हिडिओ बघून. नीलाताईंना वाटायचं, माणूस प्रवचन ऐकतोय. एकदा-दोनदा त्यांनी कौतुकानं केळंही आणून दिलं.

आणि गंमत अशी की हे काम मुळात भित्र्या माणसाचंच. धाडसी माणूस एकदम पन्नास टाकतो, मशीन मारतो आणि मित्रांना सांगत फिरतो. भित्रा माणूस एक आकडा वाढवतो, दिवसभर जीव मुठीत धरून बघत बसतो, आणि तरी त्याचा विश्वास बसत नाही. म्हणून परत एकदा बघतो.

नागपंचमीला अक्षरा आठ दिवसांसाठी माकणीला माहेरी गेली आणि अण्णांनी दार लोटून घेतलं. एक्केचाळीस. डोक्याला घाम काढायला लावणारा एक प्रोग्रॅम असतो, तो दिवसभर चालवला. टिकलं. बेचाळीस, टिकलं. त्रेचाळीस, टिकलं, पण अण्णांचं जेवण निम्म्यावर आलं. मग धीर वाढला, चव्वेचाळीस सोडून एकदम पंचेचाळीस टाकलं, आणि घात झाला. माऊसचा बाण सरकवताना सेकंदभर थिजला. नंतर पडदा निळा झाला, नंतर काळा, आणि मग काहीच नाही. पंखे फिरताहेत आणि पडदा मेलेला.

"अहो, वरण थंड होतंय," आतून नीलाताईंची हाक आली.

"आलो," अण्णा म्हणाले.

सुनेची भाकरी आपण मोडली, एवढंच डोक्यात. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणं वायर काढली, खोकं उघडलं, आतली रुपयाएवढी गोल बॅटरी नखानं उचकटली. ती काढून ठेवली की मशीन आपले वाढवलेले आकडे विसरतं म्हणे. पाच मिनिटं थांबा, असं सांगितलं होतं. अण्णा पाऊण तास थांबले. वरण जेवले, काय जेवले ते कळलं नाही. परत बॅटरी बसवली, बटण दाबलं, आणि पडदा उजळला.

एवढ्यावर कुणीही सोडलं असतं. पण त्यांना चव्वेचाळीस बघायचं होतं. विजेचा आकडा एक केसभर वाढवून त्यांनी चव्वेचाळीस लावलं आणि दीड दिवस मशीन घामेजत ठेवलं. टिकलं. तापमानाचा पारा ब्याऐंशी अंशांच्या वर गेला नाही. शहाणे लोक सांगतात, जिथं टिकलं तिथून एक पायरी खाली उतरा. अण्णांनी आयुष्यभर शहाण्यांचं ऐकलं होतं. या एका वेळी नाही ऐकलं. चाळीसवर जे काम चौतीस तासांचं, ते चव्वेचाळीसवर एकतीस तासांत होतं; त्या तीन तासांत सून घरात राहत होती.

अक्षरा परत आली, कामाला बसली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "अण्णा, मशीन पळायला लागलं की हो. काय केलंत?"

"धूळ होती गं," अण्णा म्हणाले. "लई धूळ होती."

चूक कुठं झाली होती, ते त्यांच्या अजून लक्षात आलं नव्हतं. कुलूप चारदा ओढणारा माणूस, पण एक गोष्ट साफ विसरला. त्यांनी जे जे तपासलं ते सगळं श्रावणात तपासलं होतं. आभाळ झाकलेलं, हवा गार, आणि डोक्यावर छताचा पंखा पाचावर.

आणि ते खोकं होतं घटाच्या खोलीत.

या घरात मधल्या खोलीत, देवघराच्या कोनाड्याखाली घट बसतो. परडीत काळी माती, त्यात गहू, वर पाण्याचा घट, आणि शेजारी अखंड दिवा. रोज एक माळ चढते, म्हणून दिवसही माळेनं मोजायचे. नऊ माळा दिवा विझू द्यायचा नाही, आणि दिव्याला काचही लावायची नाही; नीलाताईंच्या सासूबाईंनी लावली नाही, म्हणून त्यांनीही नाही. नऊ दिवस त्या खोलीतला पंखा बंद. घट बसला की नीलाताई पंख्याच्या बटणाला लाल नाडा बांधून टाकायच्या, म्हणजे चुकूनही कुणाचा हात जायला नको. मागच्या नवरात्रात अक्षरा आजारी आजीजवळ माकणीला होती, मशीन बंद होतं. त्यामुळं ही अडचण घरात कुणाच्या स्वप्नातही आली नव्हती. नीलाताईंनी नाडा बांधला, गाठ घट्ट ओढली, आणि अण्णांनी आधी पंख्याकडं आणि मग खोक्याकडं बघितलं.

पहिल्या माळेपासून त्यांनी बघितलं. खोक्याच्या मागच्या जाळीतून गरम वारा निघतो तो नेमका दिव्याच्या अंगाला जायचा. अक्षराचं काम हलकं असलं की ज्योत सरळ. काम जड झालं की खोक्यातला छोटा पंखा घोंघावायचा आणि ज्योत कोनाड्याकडं झुकायची. पारा बघायला पडद्याकडं जायची गरजच उरली नाही. ज्योत किती वाकली यावरून अण्णा आकडा सांगू शकत होते, आणि सांगतही होते, ओठातल्या ओठात. "शहाऐंशी. सत्त्याऐंशी." नीलाताईंना वाटलं, यंदा यांनी जप धरलाय.

तिसऱ्या माळेला नीलाताईंना वाकलेली ज्योत दिसली. त्यांनी दिवा हलवला नाही, कारण बसलेला दिवा हलवत नाहीत. त्यांनी जेवायचा पाट आणला आणि दिव्याच्या आणि खोक्याच्या मधोमध उभा करून ठेवला.

"बघा, कशी शांत झाली," त्या म्हणाल्या.

ज्योत शांत झाली खरी. पण आता गरम वाऱ्याला जायला वाट उरली नाही. तो पाटावर आदळून परत खोक्यात शिरायला लागला. काम हलकं असतानाच पारा नव्वदीत खेळायला लागला. अण्णांनी पाट दोन बोटं सरकवला, ज्योत वाकली. परत लावला, पारा चढला. दिव्याचं भलं करावं तर मशीनला ताप, मशीनला वारा द्यावा तर दिव्याच्या जिवावर. असे दिवसभर ते पाट दोन बोटं इकडं, दोन बोटं तिकडं करत बसायचे.

"अहो, तो पाट काय पत्त्यातला राजा आहे का, सारखा फिरवताय," नीलाताई म्हणाल्या. "आणि त्या डबड्याला देवीपेक्षा जास्त घाम फुटतोय का?"

खोकं दुसऱ्या खोलीत न्यावं तर वायरी पुरत नव्हत्या. आकडा चाळीसवर आणला असता तर सगळं शांत झालं असतं, पण मग काम वेळेत होत नव्हतं. आणि सातव्या माळेला सकाळी दहाला अक्षरानं मोठं काम लावलं. आठव्या माळेला संध्याकाळी सहाच्या आत पुण्याला पोचायला हवं होतं. पडद्यावर आकडा आला, एकतीस तास. म्हणजे उद्या पाच वाजता. मधे मशीन अडलं तर पहिल्यापासून. तो प्रोग्रॅम अर्धी फिल्म देत नसे. आणि एकदा लावल्यावर आकडा खाली आणायचा म्हणजे मशीन बंद करूनच आणायचा. परतीची वाट नव्हती.

"अण्णा, तुम्ही जरा लक्ष ठेवाल?" अक्षरानं विचारलं.

लक्ष ठेवाल का, म्हणे. गेले सहा दिवस माणूस दुसरं काय करत होता.

आठव्या माळेला दुपारी ऊन असं होतं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. बाहेर गर्दीचा लोंढा, संबळ, हलग्या, अनवाणी चालत आलेली माणसं. तीन वाजता नीलाताई शेजारच्या अंगणात आराधी बायकांची गाणी ऐकायला गेल्या. अक्षरा आदल्या दिवसापासून टक्क जागी होती. आतल्या खोलीत आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. मधल्या खोलीत अण्णा, घट, दिवा आणि ते खोकं. खिडकी लावलेली, दार लोटलेलं, हवा जागची हलत नव्हती.

साडेतीनला त्र्याण्णव. पावणेचारला पंच्याण्णव. अण्णांनी खोक्याचं झाकण काढलं, पुठ्ठ्यानं हळूच वारा घातला. ज्योत थरथरली तसा पुठ्ठा खाली ठेवला. चार वाजता सत्त्याण्णव. शंभराच्या पुढं काय होतं ते त्यांनी वाचलेलं होतं. एक तर मशीन स्वतःच पाय ओढायला लागतं आणि सहा वाजता काम होत नाही, किंवा ते आधीच कोसळतं आणि मग काहीच होत नाही. त्यांनी माऊस हलवून बघितला. बाण निघाला, मधे सेकंदभर थिजला आणि मग पुढं गेला.

हे त्यांनी आधी एकदा बघितलं होतं. पंचेचाळीसला, निळ्याच्या आधी.

आता घाबरणं म्हणजे काय, यात अण्णांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण असली भीती त्यांनाही नवीन होती. हातापायांतली नव्हे. डोकं एकदम स्वच्छ झालं आणि त्यात दोनच गोष्टी उरल्या. समोर दिवा होता. चार पिढ्यांत तो नऊ माळांच्या आत विझलेला नव्हता, आणि तो विझला तर काय होतं हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं, नुसते डोळे मोठे केले होते. आणि शेजारी पन्नास मिनिटांचं काम उरलं होतं. आतल्या खोलीत पोरगी निर्धास्त झोपली होती.

त्यांनी नाडा सोडला. नखानं सुटेना, दातानं सोडला.

बटण दाबलं आणि धावत दिव्याच्या पुढं जाऊन बसले. उपरणं दोन्ही हातांनी पसरून, गुडघे टेकून, कोंबडी पिलांवर बसते तसे. वर पंखा गरगरायला लागला. ज्योत वाकली, उभी राहिली, परत वाकली. अण्णा तिच्याशी बोलत होते. देवीशी नाही, ज्योतीशी. "थोडंच आहे. थोडंच आहे बाई." घटावरच्या माळा भिंतीवर सळसळल्या. ज्योत वातीच्या टोकाशी निळी झाली, एवढीशी झाली, आणि गेली.

वातीचा धूर नाकात गेला तेव्हा अण्णांना वाटलं, आता घर पडेल. डोळे मिटून ते वाट बघत राहिले. घर पडलं नाही. बाहेर कुणीतरी शहाळी विकत होता. त्यांनी डोळे उघडून पडद्याकडं बघितलं. त्र्याण्णव. मग ब्याण्णव.

पंखा बंद करायला त्यांचा हात उठला, आणि त्यांनी तो खाली घेतला. दिवा गेलाच होता. आता पंखा बंद केला असता तर दोन्ही गेलं असतं.

पाट बाजूला काढून वीस-पंचवीस मिनिटं अण्णा विझलेल्या दिव्यासमोर पंख्याच्या वाऱ्यात बसून होते. काडेपेटी हाताशी होती. पण काडी ओढून लावलेला दिवा म्हणजे साधा दिवा. त्यांचा हात काही होईना. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हलगी वाजली. कुठल्यातरी गावची ज्योत निघाली होती. नवरात्रात पहिल्या माळेपासून गावोगावची माणसं देवळात येऊन मशाल पेटवतात आणि ती विझू न देता पळत आपापल्या गावच्या घटाकडं नेतात. ही मंडळी उशिरा आलेली. पेटती मशाल घेतलेला माणूस थांबत नाही, तशी रीतच आहे.

अण्णांनी देव्हाऱ्यातलं निरांजन उचललं, फुलवात तुपात बुडवली आणि अनवाणी रस्त्यावर आले. ज्या माणसानं स्कूटर कधी तिसाच्या वर नेली नाही, तो धोतराचा सोगा तोंडात धरून मशालीच्या बाजूनं पळत होता.

मशालवाला पन्नाशीचा, जाड मिशांचा. धोंडीबा त्याचं नाव, जळकोटचा. त्यानं पळता पळता बाजूला बघितलं.

"काय आजोबा, घरचा इझला व्हय?"

"नाही हो," अण्णा धापा टाकत म्हणाले. "असंच. एक जास्तीचा."

"जास्तीचा," धोंडीबा म्हणाला. "बरं बरं. धरा हितं, खाली धरा, हात भाजून घ्याल."

फुलवात पेटली. आणि रस्त्याच्या कडेला परड्या मांडून बसलेल्या गौराबाईंनी हे सगळं, पळण्यापासून पेटण्यापर्यंत, सुपारी चघळत बघून घेतलं.

अण्णा हाताचा आडोसा करत घरी आले. पेटलेलं निरांजन पितळेच्या रिकाम्या खोल डब्यात उतरवलं, डबा घटासमोर ठेवला आणि त्याच्या काठावर हात ठेवून बसले. पाच वाजून दोन मिनिटांनी मशीननं ठण्‌ केलं. फिल्म झाली होती. अण्णांनी पंखा बंद केला, डब्यातल्या ज्योतीवर घटाच्या दिव्याची वात पेटवली, पाट जागच्या जागी लावला, नाडा परत बांधला. मग अक्षराच्या दारावर टकटक केलं.

साडेपाचला फिल्म पुण्याला गेली. सातला फोन आला. काम चांगलं झालंय, सध्या तिथूनच चालू दे. अक्षरा हसत बाहेर आली आणि तिनं अण्णांच्या पाया पडल्यासारखं केलं. अण्णा भिंतीला टेकून उभे होते. त्यांना हसता आलं नाही.

नवव्या माळेला खंडेनवमी. घरातली सगळी हत्यारं मांडायची. विळी, कोयता, कात्री, अण्णांचा जुना स्टेपलर, आणि यंदा अक्षराचं खोकं. त्याला झेंडूची माळ घातली होती आणि नीलाताई त्याला हळदकुंकू लावत होत्या तेव्हा ओटीसाठी बायका आल्या. गौराबाई सगळ्यांत पुढं.

"दिवा लई छान लावलाय की ताई," गौराबाई म्हणाल्या. "नवाच दिसतोय."

"नवा कसा? पहिल्या माळेपासूनचा आहे."

"व्हय का. मग मला दिसलं ते काय की बाई. काल तुमचे अण्णा जळकोटच्या ज्योतीमागं पळत व्हते, निरांजन घिऊन. म्हातारं माणूस, काय पळणं म्हणावं ते. मी म्हणलं, घरात काय इझलं का काय." त्यांनी पदर सावरला आणि अक्षराकडं बघितलं. "सूनबाई घरीच व्हत्या म्हणं काल."

बायकांचे डोळे अक्षरावर गेले. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. म्हणजे गोष्ट यांच्याकडं सकाळीच येऊन गेली होती, इथं नुसती खात्री करायला आल्या होत्या.

नीलाताईंनी कुंकवाची वाटी खाली ठेवली. "अक्षरा, तू होतीस ना घरात?"

"मी झोपले होते आई. खरंच."

नीलाताईंनी तिच्याकडं पाठ केली. त्यांना ओळखणाऱ्यांना ठाऊक होतं की त्या रागावल्या तर बरं असतं. अक्षरा उठून आत गेली, आणि आतून फळीवरची बॅग खाली ओढल्याचा आणि तिची चेन उघडल्याचा आवाज आला. तो आवाज अण्णांना एवढा मोठा ऐकू आला की बाहेरचे संबळ थांबल्यासारखे झाले. मशीन वाचलं होतं, काम वेळेत पोचलं होतं, पुण्यानं हो म्हटलं होतं. आणि तरी पोरगी निघाली होती. पुण्यानं बोलावलं म्हणून नव्हे, तर या दिव्यापायी.

अण्णा कोपऱ्यात स्टेपलर पुसत उभे होते. त्यांना पहिल्यांदा वाटलं की बाहेर जाऊन यावं. मग वाटलं, उद्या सांगू, एकटीला सांगू, नीलाताई झोपल्यावर चिठ्ठी लिहून सांगू. हातातला स्टेपलर खट्‌कन मिटला. शेजारच्या बाईनं वळून बघितलं.

"पंखा मी लावला," अण्णा म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी परत म्हटलं, या वेळी जरा जास्तच मोठ्यानं. मग त्यांनी सगळं सांगितलं. श्रावणापासून सांगितलं. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस. कारकून माणूस, एक आकडा गाळला नाही. नाडा दातानं सोडला हेही सांगितलं. बायका त्यांच्याकडं बघत होत्या, त्यांतलं निम्मं कळत नव्हतं, पण डोक्यावरचा पंखा आणि विझलेला दिवा एवढं सगळ्यांना कळलं. गौराबाई सुपारी चघळायच्या थांबल्या. त्यांच्या हातातली चांगली गोष्ट डोळ्यांदेखत बिघडत होती.

नीलाताईंनी नवऱ्याकडं बघितलं. छत्तीस वर्षांत या माणसानं चार बायकांसमोर तोंड उघडलं नव्हतं.

"दोन दिवस तुमचा उपास," त्या म्हणाल्या. "पाण्याशिवाय काही नाही. आणि उद्या देवळात जाऊन नाक घासून यायचं. चालत. गौराबाई, पुढं व्हा, ओटी घ्या."

दारात अक्षरा येऊन उभी राहिली होती. "चव्वेचाळीस," ती म्हणाली. "अण्णा, श्रावणापासून चव्वेचाळीसवर चालवताय तुम्ही ते. मला एकदा सांगितलं असतं तर मी फिल्मचा आकार जरा लहान केला असता. आठ तास आधी झाली असती."

हे कुठल्याच व्हिडिओत सांगितलं नव्हतं.

"आता कितीवर ठेवू?" त्यांनी विचारलं.

"चाळीस. आणि आत्ता. माझ्यासमोर."

झेंडूची माळ बाजूला सरकवून अण्णांनी आकडा खाली आणला. अक्षरा शेजारी उभी राहून बघत होती. आतली बॅग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परत फळीवर गेली. उत्कर्ष अजून ढोकीलाच आहे, आणि अक्षरा तुळजापुरातच काम करते.

गल्लीत मात्र सुनेच्या फुंकरीची गोष्ट अजून सांगतात, कारण पंख्याच्या गोष्टीत मजा नाही.

दिवा विझला होता, हे खरं आहे. आठव्या माळेला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तो छताच्या पंख्यानं विझला. पंखा अण्णांनी लावला होता. अक्षरा तेव्हा आतल्या खोलीत झोपलेली होती.